शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड आणि शाळा

बोटीवर राहायला निघालेले पालक सगळ्यात आधी मुलांचा अभ्यासक्रम शोधायला लागतात. तो शोध दोन महिने पुढे ढकलला तरी काही बिघडत नाही. बोटीवरची शाळा पुस्तकं चुकल्यामुळे क्वचितच बंद पडते. ती बंद पडते उकाड्याने, अपुऱ्या झोपेने आणि मळमळीने. रात्रभर घामाने भिजलेलं मूल सकाळी भागाकार करणार नाही, आणि बळेच करायला बसवलं तर दुपारपर्यंत सगळं घर एकमेकांवर धुसफुसत असतं. १२ मीटरच्या बोटीत दार आपटून जायलाही जागा नसते. म्हणून या लेखात शाळा बरीच उशिरा येते. हिशोबासाठी आई-वडील, दोन मुलं आणि १२ मीटरची बोट असं धरलं आहे.

आधी मूल बोटीवर राहील असं बघा

डेकच्या कडेने जाणाऱ्या तारा साधारण ६० सेंटीमीटर उंच असतात. मोठ्या माणसाला त्या आधाराला पुरतात, पण तीन वर्षांचं मूल खालच्या फटीतून सरळ पाण्यात जाऊ शकतं. त्यामुळे बोटीच्या चारही बाजूंनी जाळी बांधून घ्या. जाळी वरच्या तारेला आणि खाली डेकच्या कडपट्टीला दोरीने ओवायची, टाक्यांमधलं अंतर वीतभरापेक्षा कमी. घाईत लोक प्लॅस्टिकचे केबल टाय लावतात, पण उष्ण कटिबंधातल्या उन्हात ते काही महिन्यांत ठिसूळ होऊन तुटतात. जाळीही उन्हाने कुजते, फक्त ते दिसत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा.

जाळी ही शेवटची अडवणूक. खरी भिस्त हार्नेसवर, म्हणजे अंगावर घालायच्या पट्ट्यांवर. कॉकपिटपासून (सुकाणूपाशी बसायची जागा) नाळेपर्यंत (बोटीचं पुढचं टोक) डेकवर दोन्ही बाजूंनी चपट्या विणीचे पट्टे ताणून बांधतात, त्यांना जॅकलाइन म्हणतात. तार वापरू नका, पायाखाली गोल फिरते आणि घसरवते. हार्नेस जॅकलाइनला अडकवणारा पट्टा म्हणजे टेदर. मुलाचा टेदर एक मीटरपेक्षा लांब नको आणि जॅकलाइन डेकच्या मध्याकडे हवी. टेदरला बांधलेलं मूल कडेवरून खाली लोंबकळू शकत असेल तर तो टेदर लांबच आहे.

लाइफजॅकेट २० किलोखालच्या मुलाला फोमचंच घ्यायचं, फुगणारं नाही. मागे डोकं सावरणारी कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. हा पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. विकत घेतल्यावर शांत, उथळ पाण्यात मुलाला घालून तरंगवून बघा. तोंड पाण्याबाहेर राहतं का, उपडं झालेलं मूल उताणं वळतं का, हे दुकानात कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघा, मूल तेवढ्यात वाढलेलं असतं.

नियम मोजके ठेवा, म्हणजे ते पाळले जातात. बोट चालू असताना कॉकपिटबाहेर जायचं तर जॅकेट, टेदर आणि बरोबर एक मोठं माणूस. सूर्यास्तानंतर कॉकपिटमध्येसुद्धा टेदर, आणि तो केबिनच्या पायरीवर उभं असतानाच अडकवायचा. नांगरावर असताना पाण्यात उतरण्यापूर्वी विचारायचं. कोणी पाण्यात असेपर्यंत इंजिनाची किल्ली ठरलेल्या खुंटीवर लटकलेली दिसली पाहिजे. मरीनात, म्हणजे जेट्टीला वीज जोडलेल्या जागी, मुलांनी अजिबात पोहायचं नाही. सदोष वायरिंगमधून पाण्यात उतरलेला प्रवाह दिसत नाही आणि त्याने स्नायू जखडून माणूस बुडतं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं यायलाच हवं: इंजिन बंद करणं, व्हीएचएफ रेडिओवर मदत मागायचा चॅनल १६ लावून बटण दाबून बोलणं आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवणं. आई-वडिलांपैकी एक पाण्यात पडलं आणि दुसरं माणूस बोट वळवत असलं, तर पडलेल्याकडे हाताने दाखवत नजर न हलवणं हे काम मुलाचंच. फेंडर (बोटीच्या कडेला टांगायची हवेची उशी) पाण्यात टाकून महिन्यातून एकदा याचा सराव घ्या. मुलांना तो खेळ वाटतो, वाटू द्या.

सावली, वारा, पाणी, वीज

बोटीवरच्या उकाड्यावर एसी हा उपाय नाही, निदान नांगरावर तरी. वीज पुरत नाही. उपाय म्हणजे सावली. डोलकाठीपासून पिछाडीपर्यंत, शक्यतो दोन्ही बाजूंना खाली उतरणारी ताडपत्री ताणली की डेक तापत नाही, आणि डेक तापला नाही तर खालची केबिन राहण्याजोगी होते. नांगरावर बोटीची नाळ आपोआप वाऱ्याकडे वळते, म्हणून पुढच्या हॅचवर (डेकमधल्या झाकणाच्या खिडकीवर) कापडाचा वारा-पकड लावला तर हवा थेट खाली उतरते. त्याच्या जोडीला प्रत्येक बंकपाशी (झोपायच्या जागेपाशी) १२ व्होल्टचा एक छोटा पंखा. असा पंखा जेमतेम ०.३ अँपिअर घेतो. चार पंखे रात्रीचे दहा तास चालले तरी खर्च १२ अँपिअर-तास. एवढ्या विजेत सगळ्यांची झोप होते, तेव्हा इथे काटकसर करू नका. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला, नाहीतर गादीचा तळ दमट राहून बुरशी धरतो.

पाणी मोजून वापरलं तर चार माणसांना दिवसाला ४० ते ६० लिटर पुरतं: भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्यात बुचकळायची, अंघोळ समुद्रात आणि नंतर अंगावर दोन लिटर गोडं पाणी. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र साधारण ५५ बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलतं. या पडद्याचे दोन वैरी, तेल आणि क्लोरीन. त्यामुळे बंदरातल्या तवंगाच्या पाण्यात यंत्र चालवायचं नाही, आणि टाकीतल्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते कार्बन फिल्टरमधून गाळल्याशिवाय यंत्र धुवायला वापरायचं नाही. आठवडाभर यंत्र बंद राहणार असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. त्याहून जास्त काळ बंद ठेवायचं तर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ठेवा. पावसाचं पाणी ताडपत्रीवरून धरता येतं, फक्त पहिली पाच-दहा मिनिटं सोडून द्या, त्यात मीठ आणि धूळ असते. जेट्टीवरच्या नळाचा भरवसा नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचं, बिनवासाचं ब्लीच लिटरमागे दोन थेंब घालून अर्धा तास थांबायचं.

विजेचा मोठा गिऱ्हाईक फ्रिज. समुद्राचं पाणीच २८-२९ अंश असतं, त्यामुळे तो थंड प्रदेशापेक्षा बराच जास्त वेळ चालतो. त्याच्या मागोमाग उपग्रह इंटरनेट. लहानात लहान अँटेनासुद्धा सरासरी ३० वॉट घेत असेल तर २४ तासांत ७२० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ६० अँपिअर-तास होतात. दिवसाला ठरलेले तीन तास चालू ठेवला तर हाच आकडा साडेसातवर येतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. इंटरनेट का बंद करायचं यावरचा वाद त्यानंतर निम्म्याने कमी होतो.

आणखी एक, बोटीवर पुठ्ठा येऊ देऊ नका. खोक्यांच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी असतात. सामान जेट्टीवरच खोक्यातून काढून पिशव्यांमध्ये भरायचं.

कधी कुठे असायचं

मुलं असोत-नसोत, वर्षाचा आराखडा चक्रीवादळं ठरवतात. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण प्रशांत महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. वायव्य प्रशांतात मात्र टायफून कोणत्याही महिन्यात येऊ शकतं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांच्या पट्ट्यात वादळं जवळजवळ बनतच नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारा पीळ तिथे फार क्षीण असतो. तिथे वीज आणि अचानक येणारे वाऱ्याचे झोत मात्र भरपूर. म्हणून वर्षातले चार-सहा महिने बोट सुरक्षित पट्ट्यात एका जागी ठेवणं बहुतेकांना भाग पडतं. शाळेच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे: अवघड विषय याच महिन्यांत घ्यायचे.

समुद्रातले दिवस

लांबच्या पल्ल्यावर शाळा घेऊ नका. हे ऐकून शिस्तीचे पालक अस्वस्थ होतात, पण खाली वाकून वाचणं आणि लिहिणं हा बोट लागण्याचा हमखास मार्ग आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही. शाळकरी वयाच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. औषध निघायच्या आदल्या रात्रीपासून द्यायचं, उलटी सुरू झाल्यावर नाही. मात्रा मुलाच्या वजनावर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि पहिली गोळी जमिनीवर असताना देऊन बघा, कारण काही मुलं तिने पेंगतात तर काही उलट चेकाळतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टीही मुलांसाठी नाही.

पहिले दोन दिवस सगळ्यांनाच जड जातात, तिसऱ्या दिवशी शरीर रुळतं. तोवर मुलांनी कॉकपिटमध्ये क्षितिजाकडे बघत बसायचं किंवा आडवं होऊन गोष्टी ऐकायच्या. ऐकायची पुस्तकं आधीच उतरवून ठेवा, माणशी तीस-चाळीस तासांची. झोपायला पुढची केबिन देऊ नका, लाटांवर सर्वांत जास्त आपटते ती नाळच. मधल्या भागातल्या बंकाला कापडी आडोसा बांधून तिथे झोपवा.

स्वयंपाक निघण्याआधीच दोन दिवसांचा करून ठेवा. चालत्या बोटीवर मुलांना सर्वांत मोठा धोका ओट्यापाशी असतो, भाजण्याचा. प्रेशर कुकर इथे दुहेरी कामाचा: गॅस वाचतो, आणि भांडं कलंडलं तरी झाकण घट्ट असल्याने आतलं उकळतं अन्न अंगावर येत नाही. शेगडी पेटली असताना मुलांनी ओट्यासमोर यायचं नाही आणि स्वयंपाक करणाऱ्याने उघड्या पायांनी उभं राहायचं नाही. स्वयंपाक आटोपला की सिलिंडरची झडप बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो.

चालत्या बोटीवर रात्रभर कोणीतरी जागं राहावं लागतं. या पहाऱ्याचा प्रश्न नवख्यांना उशिरा कळतो. दोघांनी रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या केल्या तरी सकाळी सहाला मुलं टक्क जागी असतात, आणि झोप राहिलेल्या पालकाला दिवसाही झोप मिळत नाही. दोन रात्रींपेक्षा लांबच्या पहिल्या पल्ल्याला तिसरं मोठं माणूस बरोबर घ्याच.

आता शाळा

वेळ ठरलेली: न्याहारीनंतर, साडेआठ ते साडेअकरा. एवढं पुरतं. वर्गातला हजेरीचा, रांगांचा आणि इतरांसाठी थांबण्याचा वेळ वजा केला की सात-आठ वर्षांच्या मुलाचा अभ्यास दीड-दोन तासांत संपतो, दहा-बारा वर्षांच्याला तीन तास लागतात. साडेअकरानंतर ऊन तापतं, पाण्याचं यंत्र आणि इंजिनाची कामं सुरू होतात, आणि त्या घरघरीत कोणाचंच डोकं चालत नाही. आठवड्याचे पाच दिवस धरण्यापेक्षा वर्षाचे दिवस धरा. समजा १८० दिवस ठरवले, तर प्रवासाचे, दुरुस्तीचे आणि परवाने काढण्याचे दिवस वगळूनही ते सहज भरतात. मात्र तारखेनिशी नोंद ठेवायची.

दोन पालकांपैकी एकावर संपूर्ण शाळा टाकली तर ती व्यक्ती वर्षभरात थकते. विषय वाटून घ्या. शाळेच्या वेळात दुसऱ्याने डिंगी (छोटी होडी) घेऊन बाहेरची कामं करायची, ओट्यापाशी लुडबुडायचं नाही.

भाषा आणि गणित यांना छापील, क्रमाने जाणारा अभ्यासक्रम हवा. इतर विषयांत मोकळीक चालते, या दोन्हींत चालत नाही, कारण राहिलेली गळती दोन वर्षांनी उघडी पडते. संपूर्ण तयार दूरशिक्षण घ्यायचं तर आधी एक गोष्ट विचारा: गृहपाठ पाठवायला तीन आठवडे उशीर झाला तर काय होतं? ज्या शाळेचं वेळापत्रक रोजच्या थेट तासिकांवर चालतं ती बोटीवर निभत नाही. न्यूझीलंडची 'ते कुरा' (१९२२) आणि फ्रान्सची सीएनईडी (१९३९) या सरकारी संस्था मुळात टपालाच्या काळात उभ्या राहिल्या, म्हणजे दूर राहणाऱ्या मुलांना शिकवण्याचा अनुभव त्यांच्याकडे जुना आहे. प्रवेशाचे नियम अर्थातच त्या त्या देशाचे.

कायदाही देशागणिक वेगळा. जर्मनीत मुलाने प्रत्यक्ष शाळेत जाणं सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये २०२२च्या शालेय वर्षापासून घरी शिकवायला आगाऊ परवानगी लागते. तुमच्या देशात काय लागतं ते निघण्याच्या वर्षभर आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दर महिन्याला प्रत्येक विषयाची दोन-तीन पानं, प्रकल्पांचे फोटो आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी एका फाइलमध्ये जोडत गेलात, तर पुढे शाळेत परतताना कोणी इयत्तेवरून अडवलं तर दाखवायला पुरावा असतो.

इंटरनेट नसताना चालेल असं साहित्य हवंच. किविक्स या मोफत प्रोग्रॅममधून अख्खा विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. इंग्रजीचा चित्रांसह सुमारे १०० जीबी होतो, मराठीचा त्यामानाने अगदी लहान. कोलिब्री या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये खान अकादमीचे व्हिडिओ आणि सराव इंटरनेटशिवाय चालतात. दोन्ही एका डिस्कवर घ्या आणि तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर. खाऱ्या हवेत एक डिस्क कधीतरी जाणारच. मातृभाषेतली पुस्तकं मात्र मुद्दाम, वजन सोसून आणा. वाटेत ती मिळत नाहीत, आणि मुलांची बोली टिकली तरी लिहिणं-वाचणं मागे पडतं.

कागद दमट हवेत लोळागोळा होतो. वह्या झिपच्या पिशव्यांमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी महिन्याने वाळवायची. शाईपेक्षा पेन्सिल बरी, भिजली तरी अक्षर पसरत नाही. कच्च्या कामाला ए४ आकाराची पुसता येणारी पाटी घ्या, वर्षाला डझनभर वह्या वाचतात. गोंद, फेव्हिकॉल, रंगाच्या ट्यूब उन्हाने घट्ट होतात, थोड्या-थोड्या आणा.

आता बोटीवर आयतं मिळणारं शिक्षण. याचं फार कौतुक होतं आणि प्रत्यक्षात बरेचसे पालक त्याचा उपयोगच करत नाहीत, कारण ते धड्याच्या रूपात कोणी बांधून दिलेलं नसतं. ते बांधावं लागतं. काही नमुने:

नांगराची साखळी. पाणी ५ मीटर खोल, भरती अजून १ मीटर चढणार, नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच. एकूण साडेसात मीटर. याच्या पाचपट साखळी सोडायची म्हणजे साडेसदतीस मीटर. हे तिसरी-चौथीचं गणित. पायथागोरस शिकलेल्या मुलाला पुढचा प्रश्न: साखळी ताठ ताणली गेली तर बोट किती त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल? ३७.५चा वर्ग उणे ७.५चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ३६.७, त्यात बोटीची १२ मीटर लांबी मिळवली की जवळपास ४९ मीटर. मग त्या वर्तुळात शेजारची बोट किंवा प्रवाळ येतो का, ते बाहेर जाऊन बघायचं. चुकलेल्या उत्तराचा परिणाम इथे रात्री दिसतो.

भरती-ओहोटी. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी बाराव्या हिश्शांनी चढतं: १, २, ३, ३, २, १. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं काही नाही. वल्ह्यावर खुणा करून मुलाने स्वतः मोजावं आणि आलेख काढावा. आलेख हिशोबाशी जुळला नाही तर का, यावर बोला. काही ठिकाणी दिवसातून एकच भरती येते.

ध्रुवतारा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळपास तितकाच आपला अक्षांश. १५ अंश उत्तरेला तो दीड मुठीवर दिसला पाहिजे. दुपारच्या सूर्यावरून सेक्स्टंटने (कोन मोजायच्या उपकरणाने) अक्षांश काढणं मात्र उष्ण कटिबंधात नवख्याला अवघड जातं: सूर्य डोक्यावर आला की काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उडी मारतो. ते थोडं मोठं झाल्यावर.

बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. आठ दिवस दर दोन तासांनी मुलांनी नोंद केली की ही लाट कागदावर उमटते. ती ओळखीची झाली की, त्या वेळेच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ मिलिबार खाली म्हणजे सावध, ५ खाली म्हणजे वादळ जवळ, हा जुना नाविक नियम मुलांना घोकावा लागत नाही.

मित्रमंडळींचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. लहानांना अडचण येत नाही. मुलं असलेल्या बोटी एकमेकींना शोधतात आणि आठवडेच्या आठवडे बरोबर फिरतात. त्यासाठी आपला मार्ग थोडा वाकवावा लागला तर वाकवा. तेरा-चौदानंतर मात्र हे अपुरं पडतं, आणि त्या वयाच्या मुलाने जमिनीवर जायचं म्हटलं तर तो हट्ट समजू नये.

आजारपण

अतिसारात जलसंजीवनीची पाकिटं संपली असतील तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी करून औषधांच्या डब्यावर लिहून ठेवा. दिवसा चावणाऱ्या डासांच्या प्रदेशात ताप आला तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. प्रवाळावर खरचटलेली जखम लहान दिसली तरी ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुवा. आत राहिलेले कण पिकतात. लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास अवयव बुडवून ठेवायचा. पाण्याचं तापमान मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावं, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. आणि प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, बॅराकुडा किंवा मोठा ग्रूपर, मुलांना खाऊ घालू नका. सिग्वाटेरा हे विष शिजवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही.

कागद

नव्या देशात पोचल्यावर पिवळा क्यू झेंडा (तपासणी व्हायची आहे याची खूण) चढवायचा आणि तपासणी होईपर्यंत मुलांसह कोणीही किनाऱ्यावर उतरायचं नाही. एकच पालक बोटीवर असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागू शकतं. पीतज्वराच्या लशीचा दाखला २०१६पासून आयुष्यभर चालतो, पण लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती सहसा देत नाहीत. बाळ असेल तर मार्ग आखतानाच याचा विचार करा.

दहावीच्या वयाचं मूल असेल तर परीक्षेचं केंद्र अभ्यासक्रमाच्या आधी ठरवा. बाहेरून बसणाऱ्या परीक्षार्थींना घेणारी केंद्रं थोडी असतात, नोंदणी कित्येक महिने आधी बंद होते, आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं सगळीकडे घेत नाहीत. केंद्र ज्या बंदराजवळ आहे तिथे परीक्षेच्या तारखांना कोणता मोसम चालू असतो, तेही त्याच वेळी बघून घ्या.